शेअरपॉइंट सर्व्हर रांगतोय: रॅम घेण्याआधी काय पाहाल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबड एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना. शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ (कागदपत्रं ठेवायचा आणि वाटून घ्यायचा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) एकाच मशीनवर, त्याचा डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हरही तिथेच, ३२ जीबी रॅम, वापरणारे तीनशेच्या आसपास. सकाळी नऊ ते अकरा साइट रांगते, दर पंधरवड्याला सी ड्राइव्ह भरतो, आणि ड्रॉइंगची लायब्ररी उघडली की मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो. आधी हे सगळं सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले. तुम्ही मुळात नेटवर्कचे, आता सर्व्हरही तुमच्याकडे आला. साहेब म्हणतात रॅम वाढवून टाक. ऑडिटर म्हणतात २०१६ चा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच, पुढे काय करणार ते लिहून द्या. आणि तुम्ही विचारता, सुरुवात कुठून करू?

मी नाशिकमध्येच हे काम करते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांचे शेअरपॉइंट आणि मेलचे सर्व्हर सांभाळण्यात अठरा वर्षं गेली. तुमच्यासारखी परिस्थिती मी इतक्या वेळा पाहिली आहे की उत्तर थोडं लांबलं तरी नीट द्यावंसं वाटतं.

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. त्या सगळ्यांखाली एक गोष्ट आहे जी तुम्ही लिहिलेली नाही, बहुधा तुम्हाला कोणी विचारलीच नसेल. आज रात्री हे मशीन बसलं, तर उद्या पहिल्या शिफ्टला शॉप फ्लोअरवर कोणत्या रिव्हिजनचं ड्रॉइंग जाईल? आणि सर्व्हर परत उभा राहायला किती तास लागतील? याचं उत्तर माहीत असल्याशिवाय मी त्या मशीनवर एकही बदल करणार नाही. लॉग पुसणार नाही, पॅच टाकणार नाही, रॅमसाठी मशीन बंदसुद्धा करणार नाही. वाहनउद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंगची जुनी प्रत मशीनवर गेली तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो. आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगाच्या दर्जा-मानकाचा ऑडिटर कागदपत्रांच्या नियंत्रणावर एवढा वेळ घालवतो तो याचसाठी.

हे मी का म्हणते ते सांगते. सिन्नरच्या एका कारखान्यात दर रात्री बॅकअप होत होता, सकाळी ‘यशस्वी’ असा मेलही येत होता. एके दिवशी डिस्कचा कंट्रोलर गेला. बॅकअप वेगळ्या मशीनवर होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. मी रिस्टोअर करायला बसले तेव्हा कळलं की बॅकअपच्या जॉबमध्ये डेटाबेसची नावं एकेक करून लिहिलेली होती. नंतर ड्रॉइंगसाठी वेगळा कंटेंट डेटाबेस (साइटवरच्या फाइली ज्यात राहतात तो) काढला, पण त्याचं नाव जॉबमध्ये घालायचं राहून गेलं. जॉबला जेवढं सांगितलं होतं तेवढं तो इमानाने करत होता. अकरा महिन्यांची ड्रॉइंग डिझाइनवाल्यांच्या मशीनवरून, मेलमधून आणि छापलेल्या प्रतींवरून गोळा करायला तीन आठवडे लागले, आणि त्यातली शेवटची रिव्हिजन कोणती हे ठरवायला क्वालिटीच्या लोकांना रात्री बसावं लागलं. त्या दिवसापासून मी बॅकअपच्या मेलवर विश्वास ठेवत नाही, फक्त रिस्टोअरवर ठेवते.

तेव्हा पहिलं काम हे. सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे शेअरपॉइंटच्या ॲडमिनसाठीच्या साइटवर, कंटेंट डेटाबेसची यादी असते, ती काढा. शेजारी बॅकअपच्या फोल्डरमधली यादी ठेवा आणि एकेक नाव जुळवा. मग एखादं बाजूला पडलेलं मशीन घ्या, त्यावर एसक्यूएलची डेव्हलपर आवृत्ती टाका. चाचणीसाठी ती फुकट आहे. एक्स्प्रेस घेऊ नका, एसक्यूएल २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसला १० जीबीच्या वरचा डेटाबेस चालत नाही. आवृत्ती मूळ सर्व्हरइतकी किंवा त्याहून नवी हवी, कारण जुन्या एसक्यूएलवर नव्याचा बॅकअप उघडत नाही. डेटाबेस रिस्टोअर झाला की त्यावर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस धड आहे का ते तपासणारी कमांड चालवा. इथे बरेच जण थांबतात. थांबू नका. सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये न जोडलेल्या कंटेंट डेटाबेसमधून डेटा काढण्याची सोय आहे. तिला या रिस्टोअर केलेल्या प्रतीकडे वळवा, एक लायब्ररी एक्स्पोर्ट करा, चाचणीच्या साइटमध्ये आत घ्या आणि डिझाइनमधल्या कोणाला तरी बसवून त्यातलं ड्रॉइंग उघडून घ्या. त्यांनी ‘हो, हीच रिव्हिजन’ म्हटलं की बॅकअप आहे असं समजा. हे सगळं करताना घड्याळ लावा. जेवढे तास लागले तेवढे कागदावर लिहा, साहेबांना तोच आकडा सांगायचा आहे.

डेटाबेसच्या पलीकडच्याही काही गोष्टी बाहेर काढून ठेवाव्या लागतात. जुने गृहस्थ गेले म्हणता, म्हणजे फार्मचा (शेअरपॉइंटच्या सगळ्या मांडणीचा) पासफ्रेज, म्हणजे त्याचा मुख्य पासवर्ड, कोणाला माहीत आहे का ते पाहा. तो पुन्हा वाचता येत नाही, पण फार्म चालू आहे तोवर ॲडमिनच्या खात्यातून सेट-एसपीपासफ्रेज ही कमांड वापरून नवा ठेवता येतो. मशीन गेल्यावर हा रस्ता बंद होतो, म्हणून आजच बदला आणि पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड, एसएसएल सर्टिफिकेट त्याच्या खासगी कीसकट, आणि कोणी बाहेरून करून घेतलेली डब्ल्यूएसपी पॅकेजं (शेअरपॉइंटमध्ये घातलेल्या जादा सोयी) हेही त्याच्यासोबत. ती पॅकेजं बनवणारी मंडळी आता सापडतीलच असं नाही, पण फार्ममधून पॉवरशेलने त्या फाइली जशाच्या तशा काढता येतात.

आता सी ड्राइव्ह. सहसा चार गोष्टी जागा खातात. शेअरपॉइंटचे स्वतःचे यूएलएस लॉग मुळात चौदा दिवस राहतात, पण कधीतरी कोणी अडचण शोधायला लॉगची पातळी ‘व्हर्बोज’ (सगळं बारीकसारीक नोंदवणारी) केली आणि परत आणली नाही, की रोज काही जीबी वाढतात. आयआयएसचे, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरचे, लॉग आपोआप कधीच पुसले जात नाहीत. बसवल्या दिवसापासूनचे पडून असतात. सर्चचा इंडेक्स, बसवताना वेगळी जागा दिली नसेल तर, सी वरच वाढतो. आणि एसक्यूएलची लॉग फाइल: डेटाबेस फुल रिकव्हरीवर (प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये राखणाऱ्या सेटिंगवर) आहे पण लॉगचा बॅकअप कोणी घेत नाही, तर ती फाइल वाढतच राहणार. ती पुन्हा पुन्हा श्रिंक करणं, म्हणजे आकसवणं, हा उपाय नाही. दर तासाला लॉग बॅकअप लावा, मग एकदाच योग्य आकारावर आणा. कॉन्फिग डेटाबेसची (फार्मची सेटिंगं ज्यात असतात त्याची) लॉग फाइल आवर्जून पाहा, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका, हे मी कळकळीने सांगते. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो, पंधरा-वीस जीबीचा. जागा मोकळी करायला बसलेला माणूस तो पाहतो आणि ‘जुन्या पॅचच्या फाइली’ म्हणून उडवतो. त्या दिवशी काही बिघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी शेअरपॉइंटचा पुढचा पॅच टाकायला जाता, तो आधीच्या पॅचची फाइल मागतो, ती सापडत नाही, आणि पॅच तिथेच अडतो. मग जुना प्रत्येक पॅच डाउनलोड करून त्यातून हरवलेली फाइल शोधायची. मी हे एका दिवाळीच्या सुट्टीत केलेलं आहे. तुमच्या आधीच्या माणसाने तो फोल्डर साफ केला आहे का, हे आत्ताच पाहून ठेवा. पॅचच्या रात्री कळायला नको.

नऊ ते अकराच्या संथपणाबद्दल तुमचं मशीन न पाहता ठाम बोलता येणार नाही. तरी रॅमबद्दल एक नक्की सांगते. एसक्यूएल सर्व्हरला किती मेमरी घ्यायची याची कमाल मर्यादा मुळात जवळजवळ नसतेच. एकाच मशीनवर शेअरपॉइंट आणि एसक्यूएल दोन्ही असतील आणि ती मर्यादा कोणी घातली नसेल, तर एसक्यूएल मिळेल तेवढी मेमरी हळूहळू घेत जातो आणि शेअरपॉइंट, सर्च आणि विंडोज उरलेल्यात कसंबसं चालतात. अशा वेळी ३२ ची ६४ केली तर काही दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. आधी मर्यादा घाला. ३२ जीबीच्या मशीनवर मी एसक्यूएलला १२ पासून सुरुवात करते आणि आठवडाभर पाहते. तिथेच ॲडव्हान्स्ड पानावर मॅक्स डिग्री ऑफ पॅरललिझम (डेटाबेसचं एक काम किती प्रोसेसरांत वाटायचं ती सेटिंग) १ आहे ना तेही पाहा. शेअरपॉइंटला ते तसंच लागतं, आणि दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवाल्याने ‘वेग वाढवतो’ म्हणून बदललेलं मी दोनदा पाहिलं आहे. तुमच्या मशीनवर ईआरपीचा (कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेसही त्याच एसक्यूएल इन्स्टन्समध्ये असेल तर हीच शंका आधी घ्या.

उरलेलं सकाळच्या वेळेत शोधायचं. त्या दोन तासांत आणखी काय चालू असतं? रात्रीचा बॅकअप लांबून सकाळपर्यंत येतो का? सर्चचा क्रॉल (शोधासाठी सगळ्या फाइली वाचून काढणं) नेमका तेव्हा सुटतो का? अँटिव्हायरस डेटाबेसच्या फाइली चाळतोय का? शेअरपॉइंटचे कोणते फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळायचे याची यादी मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे, ती लावलेली क्वचित दिसते. रात्री ॲप्लिकेशन पूल रिसायकल झालेला असतो, म्हणजे साइट चालवणारी प्रक्रिया नव्याने सुरू झालेली असते, म्हणून सकाळी पहिला येणारा थांबतो, पण ते काही मिनिटांचं असतं, दोन तासांचं नाही. विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर आठवडाभर चालू ठेवा. मोकळी मेमरी आणि डिस्कच्या वाचनाला लागणारा वेळ, एवढं पुरे. वाचन सतत २० मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर पैसे रॅमऐवजी एसएसडीवर घालवा.

ड्रॉइंगच्या लायब्ररीतला संदेश वेगळाच आहे, त्याचा रॅमशी काही संबंध नाही. एका व्ह्यूने, म्हणजे यादी दाखवणाऱ्या एका पानाने, ५००० पेक्षा जास्त नोंदींना हात घालू नये अशी ती मर्यादा आहे. एका कंटेंट डेटाबेसमधल्या सगळ्या याद्यांच्या नोंदी एसक्यूएलमध्ये एकाच मोठ्या टेबलात बसतात. एका क्वेरीने (डेटाबेसकडे केलेल्या मागणीने) साधारण पाच हजार लॉक घेतले की एसक्यूएल अख्खं टेबलच लॉक करतो, आणि मग रजेचा अर्ज भरणारा माणूसही ड्रॉइंग शोधणाऱ्यामुळे अडकतो. सेटिंगमध्ये ५००० चे ५०,००० करता येतात, आणि बरेच जण करतात. तुम्ही करू नका. पार्ट नंबर आणि ग्राहक या कॉलमना इंडेक्स द्या, आणि व्ह्यूची पहिली गाळणी अशी ठेवा की उरलेल्या नोंदी पाच हजारांच्या आत येतील. मोठ्या क्वेरींसाठी दिवसातली ठरावीक वेळ मोकळी ठेवण्याची सोय सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे. रात्रीची वेळ ठेवून इंडेक्स तेव्हाच घालून घ्या. डिझाइनवाल्यांना ‘सगळी ड्रॉइंग एका पानावर’ हवी असतात, त्यांच्याशी बोलावं लागेल. मी त्यांच्या शेजारी बसून ते रोज खरोखर काय शोधतात ते पाहते. बहुतेक वेळा गेल्या तीन महिन्यांतलं एकाच ग्राहकाचं काम असतं.

इथवरचा क्रम परत सांगते, कारण तो मोडला तर बाकीचं वाया जातं: आधी रिस्टोअर करून पाहणं, मग सी ड्राइव्ह, मग एसक्यूएलची मेमरी, मग लायब्ररीचे व्ह्यू. यातल्या कशालाही मोठी खरेदी लागत नाही.

पॅचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, त्याचीच मला जास्त काळजी आहे. शेअरपॉइंटचा पॅच दोन टप्प्यांत पूर्ण होतो. फाइली बसवणं हा पहिला. त्यानंतर कॉन्फिगरेशन विझार्ड, म्हणजे पीएसकॉन्फिग, चालवून डेटाबेस त्या पातळीवर आणणं हा दुसरा. विंडोज अपडेटने फाइली बसतात, मशीन रीस्टार्ट होतं, सगळे समजतात झालं. वर्षानुवर्षं पीएसकॉन्फिग न चाललेले सर्व्हर मी पाहिले आहेत. सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये फार्ममधल्या सर्व्हरचं पान उघडा. तिथे अपग्रेड बाकी असल्याचं लिहिलं असेल तर तुमचंही तेच झालं आहे. २०१६ साठी पॅचच्या दोन फाइली असतात, एक मुख्य आणि एक भाषेची, आणि दुसरी टाकायची राहते. पॅच क्युम्युलेटिव्ह असतात, त्यामुळे मधले सगळे टाकत बसायची गरज नाही, सर्वांत नवी जोडी पुरते.

जुलै २०२५ मध्ये कारखान्यांत आणि कार्यालयांत ठेवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झाले. त्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२५-५३७७०. हल्लेखोर लॉगिन न करता आत शिरत आणि सर्व्हरच्या मशीन की (सर्व्हर स्वतःचा डेटा ज्यांनी प्रमाणित करतो त्या गुप्त किल्ल्या) चोरून नेत. त्या की हातात असल्या की नंतर पॅच टाकला तरी ते परत येऊ शकत होते, म्हणून पॅचबरोबर मशीन की बदलणं आणि आयआयएस रीस्टार्ट करणं हेही सांगितलेलं होतं. तुमचा सर्व्हर तेव्हा इंटरनेटवरून उघडत होता का, हे शोधा. पुरवठादारांना ड्रॉइंग पाहता यावं म्हणून फायरवॉलवर पोर्ट उघडलेलं असतं आणि ते कोणाला आठवतही नाही. तुम्ही नेटवर्कचे आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही. उघडं असेल तर आजच बंद करा, पुरवठादारांना व्हीपीएन द्या, आणि की बदलल्याची नोंद कुठे सापडत नसेल तर बदला. उघडं असताना पॅच नव्हता, असं निघालं तर मशीनची सुरक्षा तपासणी जाणत्या माणसाकडून करून घ्या. ती तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका.

पॅचसाठी साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडाल, तर आधी कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला फोन करा. महावितरणचं देखभालीचं काम सुट्टीच्याच दिवशी निघालेलं मी अनुभवलं आहे. पीएसकॉन्फिग अर्ध्यावर असताना यूपीएस संपला आणि ती संध्याकाळ, रात्र आणि दुसरी सकाळ मी तिथेच काढली. मशीन व्हर्च्युअल असेल तर पूर्ण बंद करून मगच स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्या आणि काम ठीक झालं की एक-दोन दिवसांत काढून टाका, नाहीतर तोच डिस्क भरतो.

आता ऑडिटरचा प्रश्न. इथे मात्र एकच उत्तर नाही. १४ जुलै २०२६ ही तारीख २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची आहे, म्हणून २०१९ वर जाण्यात अर्थ नाही. स्वतःच्या सर्व्हरवरच राहायचं तर शेअरपॉइंटची सबस्क्रिप्शन एडिशन, आणि २०१६ वरून थेट तिथे जाता येतं. पद्धत अशी की नवं मशीन उभं करायचं, कंटेंट डेटाबेसची प्रत तिथे न्यायची, टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस या कमांडने तपासायची आणि जोडायची. तुम्ही रिस्टोअरचा सराव केलेला असेल तर यातलं निम्मं काम तुम्हाला आलेलंच आहे. त्यासाठी एसक्यूएल २०१९ किंवा नंतरचा लागतो आणि परवान्याचं वर्षाचं गणित बदलतं, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

क्लाउड (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणारं शेअरपॉइंट) की स्वतःचा सर्व्हर, हे तीन गोष्टींवर ठरतं. कारखान्यात दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आहेत का? डिझाइनवाल्यांच्या असेंब्लीच्या फाइली किती मोठ्या आहेत? आणि ग्राहकाच्या करारात त्याची ड्रॉइंग कुठे ठेवायची याबद्दल काही अट आहे का? तिसरा प्रश्न खरेदी किंवा मार्केटिंगच्या माणसाला विचारा, आयटीत कोणाला ते माहीत नसतं. क्लाउडला गेलं की ५००० ची मर्यादा सुटेल असं मात्र समजू नका, ती तिथेही आहे. पुसलेली फाइल तिथे ९३ दिवस मिळते, तुमच्याकडे सध्या कोणी बदललं नसेल तर ३०. त्यानंतरची जबाबदारी दोन्हीकडे तुमचीच. लहान कार्यालयांना मी क्लाउडच सुचवते. मोठ्या कॅड फाइली रोज उघडणाऱ्या कारखान्यांत दोनदा कागदपत्रं क्लाउडवर आणि ड्रॉइंग आत, असं विभागून दिलं आहे.

काहीही ठरलं तरी इन्फोपाथ या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले फॉर्म मोजून ठेवा. इन्फोपाथ २०१३ आणि शेअरपॉइंट डिझायनर २०१३ यांचीही तारीख तीच, १४ जुलै २०२६. रजेचा अर्ज, ड्रॉइंग बदलाची विनंती, गेट पास हे सगळं बहुतेक त्यांतच बनवलेलं असतं, आणि डेटाबेस हलवण्यापेक्षा ते पुन्हा बनवायला जास्त दिवस जातात.

वेळ ठरवताना सिंहस्थ लक्षात असू द्या. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असल्याने मला एका सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नव्हतं आणि दूरून मशीन चालू-बंद करण्याची सोय तिथे नव्हती. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्या आहेत. नवं मशीन घ्याल तेव्हा रिमोट मॅनेजमेंटचा पोर्ट असलेलंच घ्या आणि तो चालू करून पाहा.

साहेबांकडे जाताना रॅमला नाही म्हणायला जाऊ नका. ‘दोन आठवडे थांबा, तोवर मला एक बाजूचं मशीन आणि एक मोठी डिस्क द्या, मग रॅम लागेल का ते आकड्यानिशी सांगतो’ असं सांगा. रिस्टोअरला लागलेले तास त्यांच्यापुढे ठेवलेत की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि मला इथेच एवढं कळवा: फार्मचा बिल्ड क्रमांक, प्रत्येक डेटाबेसचा आणि त्याच्या लॉग फाइलचा आकार, एसक्यूएलची कमाल मेमरी सध्या किती लावली आहे, आणि त्याच एसक्यूएलवर ईआरपी आहे की नाही. त्यावरून नऊ ते अकराचं बघू.